अंगठा रजेवर

तुमच्या घरातली भांडी कोणत्या सरकारी योजनेखाली घासली जातात?

प्रश्न नीट वाचा. भांडी कोण घासतं, ते मी विचारलेलं नाही. ते मला माहीत आहे. बहुतेक घरांत लग्नाच्या दिवशी ती एका बाईच्या नावावर चढतात आणि पुढे त्या नोंदीचा फेरफार कधी होत नाही. पण नागपूरच्या उत्तर भागात, जरीपटक्याच्या बाजारामागच्या आमच्या गल्लीत एक घर असं आहे, जिथे भांडी शासनाचं काम म्हणून घासली जातात. घासणारा माणूस पंचाहत्तरीच्या घरातला. पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, शर्टाच्या खिशाला पेन, आणि तोंडावर असा भाव की मागे कलेक्टर उभा आहे आणि कढईची तपासणी चालू आहे.

हे आमचे ढोके काकाजी. आडनाव मी बदललं आहे. का बदललं, ते वाचताना कळेलच.

पहिल्यांदा त्यांना नळावर तवा खरवडताना पाहिलं तेव्हा मी घाबरून विचारलं, "काकाजी, काकू बिमार आहेत का?"

"बिमार काहून राहीन? अंगठा रजेवर आहे तिचा."

आतून काकूंचा आवाज आला, "मीबी रजेवर आहो. अंगठा एकटा कुठं जाईन?"

"म्हणजे काय?"

काकाजींनी तवा पालथा घातला, हात झटकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शासकीय बाब आहे."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. दूध का उतू गेलं? शासकीय बाब आहे. जावयाच्या घरी बारशाला का नाही आले? शासकीय बाब आहे. आयुष्यभर तहसील कचेरीत चपराशी होते. साहेबाच्या केबिनमध्ये काय चाललंय हे लोकांना सांगायचं नसलं की हे चार शब्द कामी यायचे. नोकरी संपली, तरी हे वाक्य त्यांनी कचेरीत जमा केलं नाही.

आता अंगठ्याबद्दल. शेतकऱ्याच्या खात्यात सरकार वर्षातून तीनदा हप्ता टाकतं, हे तुम्ही पोस्टरवर वाचलं असेल. पोस्टरवर हे नसतं की हप्ता चालू राहायचा तर शेतकऱ्यानं मशीनवर बोट टेकवून आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागतं. शेत काकूंचं आहे. कळमेश्वरच्या पुढे त्यांचं माहेर. वडिलांनी जिवंतपणीच संत्र्याच्या बागेचा एक तुकडा लेकीच्या नावावर करून दिला होता. काकाजींची पेन्शन असली तरी चतुर्थ श्रेणीवाल्यांच्या घराला हा हप्ता मिळतो, मोठ्या हुद्द्याच्या पेन्शनवाल्यांच्या घराला मिळत नाही. काकाजी हे गल्लीत सगळ्यांना सांगायचे. "तहसीलदार साहेबाच्या घरी नाही भेटत, आमच्या घरी भेटते. जिंदगीत पहिल्यांदा चपराशी असल्याचा फायदा झाला."

मग एक दिवस हप्ता बंद झाला. चौकशी केली तर कळलं, काकूंचा अंगठा घ्यायचा राहिलाय. दोघं तयार होऊन बाजारातल्या ऑनलाइन सेंटरवर गेले. सेंटर चालवते रेशमा. तिनं काकूंचा अंगठा काचेवर ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. मधलं बोट, करंगळी, डावा हात, सगळं करून झालं.

"मावशी, रेषाच नाही येऊन राहिल्या," रेशमा म्हणाली.

फोनवर ओटीपीचा आकडा मागवूनही काम होतं, पण काकूंच्या आधारला जोडलेला नंबर त्यांच्या भाच्याचा होता, आणि भाच्यानं तो नंबर कधीच सोडून दिला होता. अंगठ्याशिवाय गत्यंतर नाही, असं तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

रेषा कुठे गेल्या, हे मी सांगते. निंदणात गेल्या. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांवर गेल्या. शेणात, राखेत, वरवंट्याखाली, संत्र्याच्या सालीच्या आंबट तेलात गेल्या. काकाजी तालुक्याच्या गावी कचेरीत आणि काकू शेतात, अशी त्यांची निम्मी जिंदगी गेली. काकाजी शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. शेत काकूंनी उभं केलं. आणि आता यंत्र म्हणतं, ही बाई कोण, मी ओळखत नाही. ज्यानं जन्मात काडी उचलली नाही त्याचा अंगठा पहिल्या झटक्यात पास होतो आणि जिनं पीक काढलं तिला शेतकरी असल्याचा पुरावा मागितला जातो. हे मला अजूनही पचलेलं नाही आणि पचू देणारही नाही.

काकाजींना राग आला तो वेगळ्या कारणानं. कचेरीत ज्यांना सही येत नसे त्यांचे अंगठे उमटवायचं काम त्यांच्याकडे होतं. समोरच्याचा अंगठा चिमटीत धरायचा, शाईच्या पॅडवर टेकवायचा आणि कागदावर डावीकडून उजवीकडे हळूच वळवायचा, म्हणजे ठसा पूर्ण उमटतो. या कामात तालुक्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं ते स्वतःच सांगतात.

"साऱ्या तालुक्याचे अंगठे मी लावले," सेंटरवरून परतताना ते म्हणाले, "अन् माह्याच घरचा अंगठा नापास."

"माहा अंगठा तुम्ही पाह्यला कधी?" काकू म्हणाल्या. "मी सही करतो."

काकू खरंच सही करतात. चौथी शिकलेल्या आहेत. सहीला मात्र आता कोणी विचारत नाही.

त्याच संध्याकाळी काकाजींनी अंगठ्याची रजा मंजूर केली. अंगठ्याला राख, साबण, हळद, तिखट, विळी, लसूण आणि संत्र्याची साल यांपासून दूर ठेवायचं. रेषा परत येईपर्यंत घरातलं काम दुसऱ्या कर्मचाऱ्यानं बघायचं. घरात दुसरा कर्मचारी एकच होता. जुन्या शर्टाच्या बाहीतून त्यांनी अंगठ्याला एक छोटी टोपी शिवली, दोरीवाली. काकू ती घालून दारात बसल्या की अंगठ्याचं बारसं असल्यासारखं वाटायचं.

काकाजींचा स्वयंपाक मी चाखला आहे. पाटवडी त्यांनी एवढ्या जाडीची थापली होती की तिच्यावर शिक्का मारता आला असता. भाकरीची एक बाजू नेहमी प्रलंबित. वरणात हिंग टाकला की पाच मिनिटांनी आठवण आल्यासारखा परत टाकतात, कारण पहिला टाकल्याची नोंद कुठे नसते. काकू समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बघायच्या.

"कणकेले पानी जास्त झालं."

"शेरा मिळाला," काकाजी म्हणायचे आणि पीठ वाढवायचे.

"आता घट्ट झाली."

"दुसरा शेरा मिळाला."

"गोळा तं करा बाप्पा, का त्याचीबी फाईल बनवता?"

समोरचे बोरकरजी एकदा फाटकावर रेलून म्हणाले, "काय गा ढोके, कुकरच्या शिट्ट्या मोजून राहिला का? बुढापा आला तं बायको साहेब झाली तुही."

काकाजी कांदा चिरत होते. डोळे पुसून म्हणाले, "बोरकर, तुह्या बायकोच्या नावानं शेत आहे का?"

"नाही."

"मंग तू नाही समजत. शासकीय बाब आहे."

बोरकरजी हसत गेले खरे. पण पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरून वहिनींचा आवाज ऐकू आला, की त्या ढोक्यांकडे पहा जरा.

मी त्या दिवसांत शेतकरी बायांच्या अडलेल्या हप्त्यांवर एक पत्रक लिहीत होते. आमच्या घरी मी लहानपणापासून पत्रकंच वाचली. गोष्टीची पुस्तकं नंतर आली. त्यामुळे माझं पहिलं वाक्य होतं, 'हे निर्दय यंत्रा, आम्ही तुला जाब विचारतो.' मसुदा मी काकाजींना वाचून दाखवला. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग खिशाचं पेन काढलं.

"पोरी, जाब नको विचारू. 'विनंतीपूर्वक कळविण्यात येते की' असं लिव."

"विनंती काहून? हक्क आहे तो."

"हक्क आहे म्हणूनच तं. हक्काची विनंती केली का साहेबाले शरम येते. जाब विचारला का तो फाईल खाली ठेवते."

मी वाक्य बदललं नाही. पण खाली एक विनंतीही जोडली. पुढे समजलं, की लोकांनी विनंतीचा तेवढाच भाग वाचला होता.

रोज ऊन उतरलं की अंगठ्याची तपासणी व्हायची. काकाजी ओट्यावर चटई टाकायचे. वाटीत कोमट खोबरेल. काकूंच्या अंगठ्याची टोपी सोडायची, हात आपल्या मांडीवर घ्यायचा आणि तेल जिरवत बसायचं. आधी अंगठा, मग बाकीची बोटं, मग तळवा. तळव्याचा मशीनशी काय संबंध, असं मी एकदा विचारलं. "बाजूचं क्षेत्र आहे," काकाजी म्हणाले.

काकू त्या वेळी बोलत राहायच्या. शेतावर कोणत्या झाडाला डिंक्या रोग लागला होता, कोणत्या वर्षी आंबिया बहार सगळा गळला, काकाजी नव्हते तेव्हा विहिरीची मोटर कशी दोनदा जळली. काकाजी हूं हूं करायचे. मध्येच अंगठा उन्हात धरून चष्म्यातून बघायचे.

"येऊन राहिल्या का रेषा?" काकू विचारायच्या.

"एक आल्यासारखी वाटते. अजून पक्की नाही."

महिन्यातून एकदा दोघं सेंटरवर जायचे. काकू धुतलेलं लुगडं नेसायच्या, काकाजी अंगठ्याची टोपी खिशात ठेवायचे. लाल दिवा लागायचा. परत येताना बाजारातून कधी गजरा, कधी गरम जिलबी, आणि घरी आल्यावर रजा वाढवल्याची घोषणा. मी एकटीच चडफडत बसायचे. मला वाटायचं, हे दोघं साधे आहेत, यांना राग येत नाही, म्हणूनच यंत्रांचं फावतं.

दरम्यान काकाजींची कीर्ती पसरली. गल्लीतल्या लीलाबाई, मौद्याकडे त्यांचं धानाचं शेत. त्यांचाही अंगठा नापास. काकाजींनी त्यांना तेलाचा उपाय सांगितला, आठवडाभर भांडी सुनेला घासायला लावली आणि एका दुपारी स्वतः त्यांना सेंटरवर नेलं. मला तिथे एका कागदाची प्रत काढायची होती, म्हणून मीही रांगेत होते.

लीलाबाईंनी काचेवर अंगठा ठेवला आणि सवयीनं तो वळवायला लागल्या.

"घुमवू नको वं, बाई," काकाजी म्हणाले. "शाई नाही थे. नुसता ठेव. सपाट. दाब थोडा. आता श्वास घे अन् चूप राय."

हिरवा दिवा लागला. लीलाबाईंनी काकाजींना हात जोडले.

मी माझा कागद विसरले. कारण मला काकूंच्या फेऱ्या आठवल्या. त्यांच्याबरोबर मी दोनदा गेले होते. दोन्ही वेळा काकूंचा अंगठा काकाजींनीच चिमटीत धरला होता, काचेवर टेकवला होता आणि डावीकडून उजवीकडे हळूच वळवला होता. रेशमा ओरडली होती, "काकाजी, हलवू नका ना." आणि काकाजी म्हणाले होते, "सवय आहे पोरी, जुना हात आहे." आम्हाला ते पटलं होतं. शाईचा माणूस, यंत्राला काय समजणार.

लीलाबाईंना घरी पाठवून मी काकाजींना कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबवलं.

"काकाजी, अंगठा घुमवायचा नसते हे तुम्हाले माहीत आहे."

"आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशीच समजलं. रेशमानं सांगतलं ना."

"मग काकूंचा काहून घुमवता?"

त्यांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. प्यायले नाहीत.

मी तापलेली होते. मी म्हटलं, की तो तिच्या हक्काचा पैसा आहे, तुमच्या चपराशीगिरीचा खेळ नाही. शेत तिचं, नाव तिचं, आणि नवरा मध्ये उभा राहून तिचाच ठसा बिघडवतो, हे मी पत्रकात लिहीन.

"लिव," ते म्हणाले. "पण पहिले ऐक."

मग ते थांबत थांबत बोलले.

"हिरवा दिवा लागला, तं उद्या सकाळी ती राख घेऊन नळावर बसते. मी ओळखतो तिले. मी रिटायर झालो तवा म्हणलं होतं, आता तू आराम कर, मी करतो. तं म्हणे, लोक काय म्हनतीन, मी काय लुळी झाली का? माह्या हातचा झाडू घेतला हिसकून. माहं ऐकलंच नाही. शासनानं म्हनलं, अंगठा जपा. तं बसली खुर्चीत. बसली ना? तू पाह्यलं."

"पाह्यलं," मी म्हटलं.

"अन् हात..." त्यांनी बशी खाली ठेवली. "साऱ्या तालुक्याचे हात धरले मी. हिचा कवा धरला? लग्नात भटजीनं हातात दिला, तेवढाच. आता या वयात मी तिले म्हणू का, आन वं तुहा हात? ती हसन माह्यावर. तेल लावाचं आहे म्हनलं तं देते."

"काकाजी," मी म्हटलं, "पण हप्ता..."

"थो मी देतो ना. पेन्शनीतून तिच्या डब्यात टाकतो, जेवढा तेवढा. तिचा एक पैसा नाही बुडू दिला. तिले वाटते मी भाजीतून वाचवतो." मग एकदम जुने काकाजी परत आले. "तू हे कोनाले सांगू नको. शासकीय बाब आहे."

आता मी अडचणीत. एकीकडे बाईचा हक्क, जो कोणाच्या मायेनं फिटत नाही. नवऱ्यानं स्वतःच्या खिशातून दिला म्हणून सरकारनं द्यायचा राहिला, हे मला मान्य नव्हतं आणि नाही. दुसरीकडे ती चटई, ती वाटी.

त्याच आठवड्यात कामठीकडच्या एका गावात शेतकऱ्यांची बैठक होती. तिथे शेतीखात्याच्या एका बाईंनी दाखवलं, की अंगठा लागतच नाही. योजनेचं ॲप फोनवर घ्यायचं, चेहऱ्यासमोर धरायचं, डोळ्यांची उघडझाप करायची, झालं. अंगठ्याचा पुरावा आता डोळ्यांनी देता येतो. मी परतीच्या बसमध्येच ॲप उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकाजी भाजी आणायला गेले तेव्हा मी काकूंकडे गेले. सांगितलं, काकू, असं असं आहे. तुमचा हक्क आहे. करायचं का, तुम्ही ठरवा.

काकूंनी पदर नीट केला, खुर्चीत ताठ बसल्या. फोननं डोळे मिटायला सांगितले, त्यांनी मिटले. उघडायला सांगितले, उघडले. हिरवी खूण आली. महिनोन्महिने अडलेलं काम, लीलाबाईंच्या कोंबड्या फाटकातून आत येऊन परत जाईपर्यंत झालं.

"झालं?" काकू म्हणाल्या.

"झालं."

"मंग आता त्यायले सांगू नको."

मी फोन हातात घेऊन उभी. "काकू, तुम्हाला माहीत आहे का..."

"अंगठा घुमवते थे? हो ना. मी काय आंधळी आहो का? लीलीबी सांगून गेली." त्या अंगठ्याची टोपी नीट बसवत होत्या. "जिंदगीभर दर सोमवारी गेला माणूस पिशवी घेऊन. आता संध्याकाळी एक जागी बसते. मी सांगतो ते ऐकते. मोटर जळल्याची गोष्ट मी तीनदा सांगतली, तीनदा ऐकली त्यानं. हिरवा दिवा लागला अन् उद्या म्हनलं, झालं बाप्पा तुहं काम, तं मी काय करू?"

"आणि स्वयंपाक?"

"कच्चा राह्यते," काकू म्हणाल्या. "पण बसून खाल्लं का जाते."

फाटक वाजलं. काकाजी पिशवी घेऊन आत आले, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. "काय वं, काय बैठक चालली?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "शासकीय बाब आहे."

पुढचा हप्ता खात्यात आला. बँकेचा संदेश काकूंच्या साध्या फोनवर वाजला, तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला आणि फोन उशाखाली सरकवला. स्वयंपाकघरात काकाजी मेथी निवडत होते आणि देठं टाकायची की ठेवायची याबद्दल शेरा मागत होते. काकूंनी ठेवायची म्हणून सांगितलं. चूक होतं ते. पण त्या दिवशी त्यांना सगळंच चालणार होतं.

मी हे लिहिते आहे, कारण पत्रकात हे बसलं नाही. पत्रकात मागणी बसते, आणि मागणी तीच आहे, तसूभर कमी नाही: राबणाऱ्या हाताला ओळख पटवायला लावू नका. ती मी मागत राहणार. पण तोवर तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्या गावात, गल्लीत, नात्यात एखाद्या शेतकरी बाईचा हप्ता अंगठ्यापायी अडला असेल. उद्याच फोन घेऊन तिच्याकडे जा. तिला विचारा, तिचं म्हणणं ऐका आणि तिची इच्छा असेल तर तिचा चेहरा नोंदवून द्या. एवढंच करा, की फोन काढण्याआधी स्वयंपाकघरात एकदा नजर टाका. तिथे कोणी म्हातारा कणीक मळत उभा असेल, तर आवाज जरा हळू ठेवा.